चौसा

थंडीत इथं धुकं पडतं, हे गावाकडं कुणाला पटत नाही.
तंबूच्या दोरीवरून पाणी ठिबकतं,
घयाथीच्या रस्त्यावर ट्रकचे दिवे दिसतात,
ट्रक दिसत नाहीत.

आठवडाभर मी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळते.
शनिवारी इथं. फुकट.
फुकट म्हटल्यावर नवरा हसला,
मग त्यानंच गुडघ्याखाली घ्यायला
जुन्या उशीला रेक्झिनची खोळ शिवून आणली.

माझा चौकोन सात-क.
दोरीनं आखलेला, बसून आंघोळ करायच्या मोरीएवढा.
हत्यारं दातांच्या डॉक्टरची, कुंचला रंगाऱ्याचा,
फुंकर माझी.
मार्गित म्हणते, घाई नको,
सहा हजार वर्षं थांबलाय तो,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबेल.

तिसऱ्या शनिवारी जबडा लागला.
आधी वाटलं चुन्याचा खडा.
मग खड्याला कड आली, कडेला ओळ,
ओळीत दात.
मधले चार रुंद, पक्के,
कडेचे दोन दुधाचे, तांदळाच्या कणीसारखे.
आणि माझ्या तोंडून गेलं, मोठ्यानं, मराठीत:
चौसा!

बापू माझे हेडे.
म्हसवड, खरसुंडी, आटपाडी, पायाला बाजाराची धूळ.
शिंगांकडं बघायचे नाहीत, झुलीकडं तर नाहीच.
अंगठा घालून ओठ उलटा करायचे
आणि जनावर मान झटकायच्या आत वय सांगायचे:
आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळला.
एकदा जुळला की मालक सांगेल ते वय.
भाव उपरण्याखाली ठरायचा, बोटांनी.
ती बोटं त्यांनी मला कधी शिकवली नाहीत.
दात मी आपले आपण शिकले.
सौदा फिसकटलेली खोंडं
आमच्याच दारात रात्र काढायची.

इथं ओठ नव्हता उलटायला.

चाळणीवरून मुसल्लम उठून आला.
त्याचे स्वतःचे अकरा उंट आहेत,
शनिवारी मेलेले मोजायला येतो.
उकिडवा बसला, वाकला, म्हणाला, रबाअ.
चार बोटं दाखवली.
मी चार बोटं दाखवली.
त्यानं दोन केली: थनी.
मी म्हटलं, दुसा.
त्यानं सहा केली, मी सहादाती म्हटलं,
आणि आम्ही दोघं उगीचच हसत सुटलो,
बाजार उठल्यावर हिशोब जुळल्यासारखे.

मार्गितनं वही उघडली. किती वर्षांचा?
साडेतीन, मी म्हटलं.
मुसल्लमनं मान हलवली:
ते तुझ्या बैलाचं. उंट सावकाश पाडतो दात.
सहा सरून सातवं.
वहीत तिसऱ्याच भाषेत नोंद झाली,
पुढं प्रश्नचिन्ह.

रात्री बापूंना फोन लावला.
कवळी काढून ठेवलेली, त्यामुळं शब्दांना वारा लागत होता.
"चौसा? खोंड का?"
उंट, बापू.
"उंटाचं आपल्याला कळत न्हाई."
मग थोडं थांबून, "काय भाव धरला?"
विकायचा नाही.
"मग उकरताय कशापायी?"

हवामानाचं सांगितलं, हाडातल्या रसायनाचं सांगितलं,
मार्गित सांगते तसं, तेवढं नीट नाही.
ते हूं हूं करत राहिले.
शेवटी म्हटलं,
याला कधीच कुणी बांधलं नव्हतं, बापू.
दावं नाही. वेसण नाही.
माणसानं पाळायच्या आधीचा आहे हा.

बराच वेळ फोनमध्ये नुसता त्यांच्या खोलीतला पंखा.

"मंजे त्याच्या तोंडात अंगठा घालणारी
तू पयलीच."

घातला नव्हता मी.
हातमोजे होते, मधे कुंचला होता.
पण ते काही बोलले नाही.